दलाली न मागणारा एजंट नेमका कोणाचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका वाचकाच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांनी वडिलोपार्जित टॉवेल कारखाना गेल्या वर्षी बंद केला. माग विकून आणि देणी भागवून हाती सुमारे ४० लाख रुपये उरले. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि परत येण्याची चिन्हे नाहीत. हे पैसे जागेत गुंतवून उतारवयातील उत्पन्नाची सोय करावी, असा त्यांचा विचार आहे.

मेहुण्यांचे एक मित्र जागांची कामे करतात. त्यांनी केगावच्या बाजूला दीड गुंठ्याचा भूखंड १६ लाखांना दाखवला असून, "तुम्ही घरचे, तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही," असे ते म्हणतात. मूळ मालक हैदराबादला असल्याने विक्रीचे सर्व अधिकार कुलमुखत्यारपत्राने या एजंटांकडेच आहेत, त्यामुळे काम लवकर उरकेल, असेही त्यांनी सांगितले. सातबाऱ्यावर दहा जणांची नावे आहेत, पण हद्दवाढ भागात तसे असतेच, असा त्यांचा खुलासा आहे. दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याने दोन दिवसांत एक लाख रुपये टोकन द्यायचे आहे.

दुसरीकडे सात रस्ता परिसरातील एक एजन्सी जुळे सोलापुरातील पुनर्विक्रीची सदनिका ३० लाखांना दाखवते. ती दोन टक्के दलाली आणि त्यावर जीएसटी मागते, शिवाय लेखी करारावर सही करा म्हणते. वाचकांचे प्रश्न असे: ओळखीचा आणि फुकट काम करणारा माणूस सोडून अनोळखी एजन्सीला साठ-सत्तर हजार का द्यावेत? सदनिकेच्या मालकांना थेट गाठले तर चालणार नाही का? आणि मेहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून काय करावे?

उत्तर

टोकनाची मुदत हे सदर प्रसिद्ध होण्याआधीच संपणार होती, म्हणून ‘तूर्त पैसे देऊ नका’ एवढे तुम्हाला दोन ओळींत आधीच कळवले आहे. त्यामागची कारणे येथे सविस्तर देत आहे, कारण विक्रीचे, निवृत्तीचे किंवा वाटणीचे पैसे एकरकमी हाती आलेल्या अनेक वाचकांपुढे जवळपास हाच पेच असतो.

तुम्ही प्रश्न ‘फुकट की दोन टक्के’ असा मांडला आहे. जो तुमच्याकडून पैसे घेत नाही तो पैसेच घेत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कारखाना चालवताना तुमचा सुताच्या दलालांशी नेहमी संबंध आला असेल. समोरच्या पेढीकडून दलालाला काही मिळते हे तुम्हाला ठाऊक होते, त्यात तुम्हाला काही गैर वाटत नव्हते आणि म्हणूनच त्याने सांगितलेला काउंट (सुताची जाडी) तुम्ही स्वतः तपासून घेत होता. जागेच्या व्यवहारातही नेमके तेवढेच करायचे आहे. एजंट व्यवहार जुळवून पोट भरतो आणि व्यवहार मोडला तर त्याला काहीच मिळत नाही. हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्या धंद्याची रचना आहे, आणि ती ओळखून वागले तर चांगल्या एजंटाचा गुंतवणूकदाराला फार उपयोग होतो.

आता ‘एक रुपयाही घेणार नाही’ याचा हिशेब पाहू. आपल्याकडे ‘नेट’ ठरवण्याची पद्धत सर्रास आहे. मालक म्हणतो, मला चौदा लाख नेट हातात पाहिजेत, वरचे तुमचे तुम्ही बघा. एजंट गिऱ्हाइकाला सोळा सांगतो आणि मधले दोन लाख त्याचे होतात. समजा असे झाले, तर खरेदीदाराने साडेबारा टक्के दलाली दिली, फक्त ती त्याला दिसली नाही. तुमच्या भूखंडाच्या बाबतीत असेच ठरले आहे असा आरोप करण्याचे कारण नाही, पण "मालकांना हातात किती मिळणार आणि तुम्हाला कोणाकडून किती मिळणार?" हा प्रश्न तुम्ही अगदी सरळपणे विचारू शकता. जो एजंट या प्रश्नाचे आकड्यात उत्तर देतो, त्याच्याशी पुढे बोलता येते. जो ‘आपल्यात असलं काय विचारायचं’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्याने एका अर्थी उत्तर दिलेलेच असते.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र तुम्ही ओघात लिहून गेला आहात. विक्रीचे अधिकार कुलमुखत्यारपत्राने एजंटांकडेच आहेत, ही गोष्ट तुम्हाला सोयीची वाटली. मला ती संपूर्ण व्यवहाराची कळ वाटते. कुलमुखत्यार हा कायद्याने मालकाचा प्रतिनिधी असतो आणि मालकाच्या हिताने वागणे हे त्याचे कर्तव्य असते. म्हणजे तुमच्या मेहुण्यांचे मित्र स्वभावाने कितीही भले असले, तरी या व्यवहारात कागदोपत्री ते तुमच्या समोरच्या बाजूला बसलेले आहेत. त्यांनी तुमच्याकडून दलाली न घेणे हे औदार्य मानण्याऐवजी त्यांच्या भूमिकेशी सुसंगत मानावे. विक्रेत्याने खरेदीदाराकडून दलाली घ्यायची नसतेच.

याहून गंभीर शक्यता दुसरी आहे. काही वेळा एजंट मालकाला आधीच पैसे देऊन टाकतो, खरेदीखत न करता त्याच्याकडून केवळ कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, मुद्रांक शुल्क वाचवतो आणि पुढचे गिऱ्हाईक मिळाले की फरक खिशात घालून थेट त्याच्या नावे दस्त करून देतो. अशा कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच निकालाने खऱ्याखुऱ्या कुलमुखत्यारपत्रांना हात लावलेला नाही, हेही लक्षात ठेवावे. परगावी असलेल्या मालकाने अधिकार दिलेल्या माणसाने त्याच्या वतीने केलेले खरेदीखत वैध असते. प्रश्न एवढाच, की तुमच्यापुढचा कागद कोणत्या प्रकारचा आहे.

तो ओळखण्यासाठी कुलमुखत्यारपत्राची संपूर्ण प्रत मागा. पहिले आणि शेवटचे पान पुरेसे नाही. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले आहे का, त्यात खरेदीखतावर सही करण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे का, नंतर ते रद्द केले गेले आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. मालक हयात असल्याची खात्री करा, कारण भारतीय करार कायदा, १८७२ नुसार सर्वसाधारणपणे मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो आणि त्यानंतर केलेला दस्त वारसांच्या दाव्यात सापडतो. मालकांशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला आणि त्यांना विक्रीची किंमत विचारा. त्या एका प्रश्नातून ‘नेट’चाही उलगडा होईल. सर्वांत उत्तम म्हणजे खरेदीखतावर सही करायला त्यांनाच बोलवा. हैदराबाद काही सातासमुद्रापलीकडे नाही, आणि १६ लाखांसाठी माणूस एक दिवस काढून सोलापूरला येतो. येत नसेल, तर न येण्याचे कारण कळायला हवे.

टोकनाविषयी माझे मत कडक आहे. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य कधी खरे असते आणि कधी नसते, पण दोन्ही वेळा ते तुमची तपासणी गुंडाळण्यासाठीच उच्चारले जाते. दीड गुंठ्याचा भूखंड हातचा गेला तर दुसरा मिळेल. सदोष भूखंडात अडकलेले १६ लाख मात्र दिवाणी न्यायालयात कित्येक वर्षे पडून राहू शकतात. कागद तपासून झाल्यावर इसार द्यायचाच झाला, तर तो मालकाच्या बँक खात्यात, धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावा. एजंटाच्या खात्यात कधीही देऊ नये, त्याने कितीही भक्कम पावती दिली तरी. इसारपावतीत गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, ठरलेली एकूण किंमत आणि साठेखताची (खरेदीखताआधीच्या विक्री कराराची) मुदत असावी, आणि मालकी हक्कात दोष आढळल्यास संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल हे वाक्य असावे. हे शेवटचे वाक्य घालायला एजंट तयार होत नसेल, तर त्याला कागदांविषयी तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे असे समजून थांबावे.

सातबाऱ्यावरील दहा नावांचे म्हणाल, तर हद्दवाढ भागात असे आढळते हे खरे आहे. १९९२ मध्ये केगाव, बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे यांसारखी गावे महापालिकेच्या हद्दीत आली आणि शहर वाढेल तसतशा तेथील शेतजमिनी गुंठ्यागुंठ्यांनी विकल्या गेल्या. पण ‘असतेच’ म्हणजे ‘चालते’ नव्हे. अशा सातबाऱ्यावर तुमचे नाव अकरावे म्हणून लागले, तरी जमिनीचा नेमका कोणता तुकडा तुमचा हे त्यावरून ठरत नाही, आणि उरलेल्या दहांपैकी एखाद्याने वाद काढला की बांधकाम परवानगीपासून बँकेच्या कर्जापर्यंत सारे अडते. म्हणून एजंटांना तीन कागद मागा: अकृषिक (एनए) आदेश, मंजूर रेखांकन (लेआउट) आणि त्यात तुमच्या भूखंडाचा क्रमांक. ते नसतील आणि जागा गुंठेवारीतील असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचा महापालिकेचा दाखला मागा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमितीकरणाची वाट खुली झाली आहे, पण त्यासाठी शुल्क भरावे लागते, आणि ते कोण भरणार हे किंमत ठरवतानाच ठरले पाहिजे.

‘यलो झोनमध्ये आहे, म्हणजे एनए झालेलीच समजा’ हे वाक्यही तुमच्या कानावर येईल. विकास आराखड्यात जमीन निवासी पट्ट्यात असणे आणि त्या विशिष्ट जमिनीचे रेखांकन मंजूर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीच्या फार लहान तुकड्यांची विक्री रोखणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याबाबत शासनाने अलीकडे शिथिलता आणली आहे आणि एजंट त्याचा हवाला देऊन ‘आता काही अडचण नाही’ म्हणतील. ती शिथिलता तुमच्या गटाला आणि तुमच्या तुकड्याला लागू होते का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. सातबारा अजून शेतीचाच असेल, तर तुम्ही स्वतः शेतकरी आहात का हा प्रश्नही उभा राहतो, कारण १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय सहसा घेता येत नाही. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असा शेरा दिसला, तर पुढे वाचण्याआधीच वकिलाला फोन करावा.

ही तपासणी एजंटाने करून द्यावी अशी अपेक्षा तुमच्या पत्रात दोनदा डोकावते. ती ठेवू नका. बाजारात कोणती जागा विक्रीला आहे, मालक किती अडलेला आहे, त्या गल्लीत गेल्या सहा महिन्यांत कोणत्या भावाने सौदे झाले, कोणत्या इमारतीत भाडेकरू टिकत नाहीत, हे चांगल्या एजंटाला ठाऊक असते आणि दुसऱ्या कोणाला नसते. दलाली द्यायची ती या माहितीसाठी आणि घासाघीस करताना मध्ये उभे राहण्यासाठी. मालकी हक्काचा शोध हे वकिलाचे काम आहे. निदान तीस वर्षांचा शोध अहवाल, फेरफारांची साखळी, सूची क्रमांक दोनचे (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचे) उतारे, ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजे आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस यांसाठी वकील जी फी घेतील, ती या रकमेच्या मानाने किरकोळ असते. फक्त वकील एजंटाने सुचवलेले नसावेत, आणि मेहुण्यांनी सुचवलेलेही नसावेत.

आता एजन्सीकडे वळू. तिने लेखी करार मागितला म्हणून तुम्ही बिचकला आहात. मला तर तिच्याविषयी विश्वास वाटायला तेवढे एकच कारण दिसते. तोंडी ठरलेल्या दलालीवरून जितकी भांडणे होतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. पण करार तिचा छापील आहे म्हणून जसाच्या तसा स्वीकारू नका. दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही, त्यामुळे दोन टक्के हा बोलण्याचा आरंभ आहे. पुनर्विक्रीच्या व्यवहारात एजन्सी बहुधा मालकाकडूनही घेते. तसे असेल तर तो आकडा करारात लिहून द्यायला सांगा आणि दोन्हीकडून घेणाऱ्याने तुमच्याकडून कमी का घ्यावे हे नम्रपणे मांडा. दलाली खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी देय होईल असे लिहा, फार तर निम्मी साठेखताच्या वेळी. मालकी हक्कातील दोषामुळे व्यवहार मोडल्यास काहीही देणे लागणार नाही, हे स्पष्ट असावे. ‘सहा महिने दुसऱ्या एजंटाकडे जाणार नाही’ असे कलम असेल तर ते काढा किंवा महिन्यावर आणा. त्याऐवजी एजन्सीने दाखवलेल्या जागांची तारखेसह यादी कराराला जोडावी आणि त्या यादीपुरतीच दलाली लागू राहावी. एकच सदनिका दोन एजंटांनी दाखवली की कोणाला पैसे द्यायचे, हा सोलापुरातला नेहमीचा तंटा त्याने मिटतो. जीएसटी लावत असतील तर त्यांचा नोंदणी क्रमांक असलेले बिल घ्या. दलालीची पावती जपून ठेवा, आणि पुढे जागा विकताना द्याल तीही, कारण विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा मोजताना वजा मिळते.

महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. त्याच्या नोंदणीबाबत बराच गोंधळ आढळतो. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील जागा विकासकाच्या वतीने विकण्यासाठी एजंटाला महारेराची नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्याचा भंग केल्यास दररोज १०,००० रुपयांप्रमाणे, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक केली आहे. तुमची सदनिका आणि तुमचा भूखंड या दोन्ही पुनर्विक्रीच्या गोष्टी असतील, तर त्या विशिष्ट व्यवहारासाठी ही नोंदणी कायद्याने लागत नाही. तरीही एजन्सीचा क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळा. ज्याने नोंदणी केली आहे त्याला गमावण्यासारखे काहीतरी असते. नव्या रेखांकनातील भूखंड कोणी दाखवला, तर मात्र एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा जास्त असल्यास प्रकल्पाचा आणि एजंटाचा असे दोन्ही क्रमांक असल्याशिवाय पुढे बोलू नये.

एजन्सी तुम्हाला ‘भाडे चालू होईल’ असे सांगते, आणि उत्पन्न हाच तुमचा हेतू असल्याने हे विधान तुम्ही कागदावर मांडून पाहायला हवे होते. ३० लाखांच्या सदनिकेवर मुद्रांक शुल्क सुमारे सहा टक्के धरले तर १,८०,०००, नोंदणी फी ३०,०००, दोन टक्के दलाली ६०,००० आणि त्यावरील जीएसटी १०,८०० रुपये. म्हणजे वकिलाची फी सोडून २,८०,८०० रुपये पहिल्याच दिवशी खर्च होतात. भाडे महिना ८,००० मिळेल असे उदाहरणादाखल धरू. वर्षाचे ९६,००० होतात, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के, आणि प्रवेशाचा खर्च फिटायलाच जवळपास तीन वर्षांचे भाडे लागते. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, मिळकतकर, रंगरंगोटी आणि रिकामे महिने वजा करायचे आहेत. किंमत वाढली तर हा व्यवहार फायद्याचा ठरेल, पण तुमची गरज दरमहा उत्पन्नाची आहे, आणि त्या गरजेसाठी सर्व ४० लाख जागेतच घालायला हवेत हे तुम्ही कशावरून ठरवले, ते पत्रात कोठेही दिसत नाही. कोणताही एजंट तुम्हाला ‘बँकेत ठेवा’ म्हणणार नाही. तो प्रश्न त्याला विचारायचाच नसतो.

भाड्याचा अंदाज विक्री करणाऱ्या एजंटाकडून घेऊ नये. जुळे सोलापुरात केवळ भाड्याची कामे करणारे छोटे एजंट आहेत, त्यांच्यापैकी दोघांना त्या इमारतीचे नाव सांगून "ही सदनिका मला भाड्याने द्यायची आहे, किती येतील आणि किती दिवसांत?" असे विचारा. त्याचबरोबर इमारतीतील एखाद्या बिऱ्हाडाला, शक्यतो तेथील गृहिणीला, पाणी किती दिवसांआड येते, टाकी किती मोठी आहे आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे विचारा. सोलापुरात भाडेकरू घर सोडतो तेव्हा त्यामागे पाणी असण्याची शक्यता बरीच असते, आणि हे जाहिरातीत कधीही लिहिलेले नसते.

केगावच्या भूखंडाबरोबर तुम्हाला विद्यापीठ, महामार्ग आणि वाढते शहर यांची वर्णने ऐकायला मिळाली आहेत. विद्यापीठ तेथे आहे हे सर्वांना दिसते. पण होणाऱ्या प्रकल्पाच्या भरवशावर किंमत मोजू नये, हे या शहराने एकदा चांगले पाहिले आहे. बोरामणीला विमानतळ होणार म्हणून त्या परिसरातील जमिनींचा वर्षानुवर्षे गाजावाजा झाला. प्रत्यक्षात २०२५ मध्ये प्रवासी विमाने उडू लागली ती होटगी रस्त्यावरच्या जुन्याच विमानतळावरून. ज्यांनी बोरामणीच्या वाटेवर प्लॉट घेतले, त्यांना ते ज्यांनी दाखवले त्या एजंटांची दलाली मात्र केव्हाच पदरात पडली होती.

रोखीची गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती येईल. ‘दस्त बावीसचा करू, आठ वर रोख’ असे सुचवले जाईल आणि मुद्रांक शुल्क वाचेल असे सांगितले जाईल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने पाहिले तर पुढे विकताना तुमची खरेदी किंमत बावीस लाखच धरली जाईल आणि मधल्या आठ लाखांवरही नफा म्हणून कर बसेल. माग विकून आलेला पांढरा पैसा स्वतःच्या हाताने काळा करण्यात काय शहाणपण आहे, ते मला तरी कळलेले नाही.

मालकांना थेट गाठण्याच्या कल्पनेविषयी स्पष्टच सांगतो. एजन्सीने दाखवलेली सदनिका एजन्सीला वगळून घेऊ नका. ज्याने वेळ घालवून, किल्ली आणून, तीनदा फेऱ्या मारून जागा दाखवली, त्याची दलाली बुडवणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते महागात पडते, कारण सोलापूर एवढे मोठे नाही की ही बातमी आठ दिवसांत सर्व एजंटांपर्यंत पोहोचणार नाही. त्यानंतर चांगली जागा आली की तुम्हाला फोन येणार नाही. दलाली जास्त वाटत असेल तर समोर बसून कमी करून घ्या. स्वतःहून जाहिरात, ओळखी किंवा इमारतीतील चौकीदाराकडून जागा शोधलीत, तर एजंटाशिवाय व्यवहार करायला काहीच हरकत नाही. मात्र त्या वेळी वाचलेल्या पैशांतला काही भाग जास्त चांगल्या वकिलावर खर्च करा. गुंतवणूक एकदाच करून थांबायचे नसेल, तर दोन किंवा तीन एजंटांशी नाते जोडावे, त्यांना खरे बजेट सांगावे, नको असलेल्या जागेला त्याच दिवशी नाही म्हणावे आणि दलाली ठरल्या दिवशी द्यावी. अशा गिऱ्हाइकाला एजंट आपल्या वहीत वर ठेवतात.

राहता राहिले मेहुणे. त्यांना वाईट वाटेल या भीतीने तुम्ही आजवर त्यांच्या मित्राला एकही प्रश्न विचारलेला नाही, आणि मला वाटते, हीच भीती या व्यवहारात सर्वांत महाग पडू शकते. मेहुण्यांना या भानगडीत मध्यस्थ करू नका. तसे केले तर उद्या काही बिनसले की बहिणीच्या घरी जाणे अवघड होईल. त्यांना आधी एकट्याने भेटा आणि सांगा की पैसा कारखान्याचा आहे, मुलाचे म्हणणे वकिलाच्या अहवालाशिवाय काही घ्यायचे नाही असे आहे, आणि हा नियम सदनिकेलाही लावला आहे. (मुलाला हे आधी कळवून ठेवा, तो नाही म्हणणार नाही.) मग एजंटांना भेटून कुलमुखत्यारपत्राची प्रत, तीन कागद आणि मालकांचा फोन नंबर मागा, आणि अहवाल येण्यास तीन आठवडे लागतील हे सांगा. व्यवहार सरळ असेल तर ते कुरकुर करतील, पण कागद देतील. तो पूर्ण झाला, तर तुम्ही स्वतःहून त्यांना एक टक्का द्या आणि त्याची पावती घ्या, म्हणजे पुढच्या व्यवहारात त्यांना प्रश्न विचारताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.